दौलताबादचा शिपाई की महाडचा वाटाड्या?

१९३४ साली चळवळीतल्या काही सहकाऱ्यांनी बाबासाहेबांकडे एक इच्छा बोलून दाखवली. तुम्ही बरोबर येणार असाल तर आपण सगळे मिळून सहलीला जाऊ. बाबासाहेब तयार झाले. बाकी काहीही ठरो, वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, एवढे नक्की झाले. बाबासाहेब नाशिकला पोहोचले, सहकारी तिथे येऊन मिळाले आणि तीसेक जणांचा जथा औरंगाबादच्या दिशेने निघाला. वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो.

पुढे काय झाले ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या छोट्या आठवणींत तो प्रसंग आहे. आपण तो भाषणांत शंभरदा ऐकतो, पण नीट वाचत नाही. किल्ल्याच्या दाराबाहेर काठोकाठ भरलेले छोटे तळे होते. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या लोकांनी तिथे हात-तोंड धुतले. सगळे दारापाशी पोहोचतात तोच मागून एक म्हातारा ओरडत आला, अस्पृश्यांनी तळे बाटवले म्हणून. जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. आम्ही बाहेरगावचे, इथली रीत आम्हाला माहीत नव्हती, असे सांगितल्यावर जमावाचा रोख वळला तो स्थानिक अस्पृश्यांकडे. पाहुण्यांना तुम्ही आधी का नाही सांगितले, असे त्यांना पुन्हा पुन्हा विचारले जात होते. ते बिचारे तर तळ्याजवळ नव्हतेच, मागाहून आले होते. शेवटी बाबासाहेबांनी एका तरुणाला थेट विचारले: तुझा धर्म हेच शिकवतो का? हाच अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्याला या तळ्याचे पाणी नाकारशील का? जमाव गप्प झाला. मग आत जायची परवानगी मिळाली, पण एका अटीवर. किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. आणि अट पाळली जाते की नाही ते पाहायला एक हत्यारबंद शिपाई सोबत देण्यात आला.

(हा प्रसंग हल्ली काही मंडळी फक्त मुसलमानांविरुद्ध वापरतात. त्यांना त्याच आठवणींतला चाळीसगावचा टांगेवाला, बडोद्यातली पारशी खाणावळ आणि काठियावाडातला हिंदू डॉक्टरही वाचून दाखवावा. आणि हेही सांगावे की १९२७ च्या डिसेंबरात महाडला परिषदेच्या मांडवासाठी हिंदूंनी जागा दिली नाही, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली.)

मला इथे त्या शिपायाबद्दल बोलायचे आहे. इतिहास पाहायला निघालेल्या आपल्या लोकांना त्या दिवशी मिळालेला सोबती तो होता. वाट त्याला माहीत होती. कुठे काय आहे हेही माहीत होते. त्याचे काम मात्र एकच: यांनी काय करायचे नाही ते बघणे. आज आपल्या वस्त्यांतले, कॉलेजांतले तरुण गट करून ऐतिहासिक जागांवर चालत जाऊ लागले आहेत, चालता चालता बोलू लागले आहेत. अशा संवादफेऱ्यांसाठी वाटाडे तयार करायचे काम आम्ही काही जण करतो. तेव्हा पहिला प्रश्न हाच येतो की वाटाड्या म्हणजे कोण? शिपायाहून तो वेगळा कशाने?

आधी शब्दाचेच बघू. लोक म्हणतात गाईड. आपल्या पोरांना गाईड म्हटले की काय आठवते? दहावीच्या परीक्षेला तयार उत्तरे देणारे जाडजूड पुस्तक. पाठ करा आणि ओका. पर्यटनस्थळावरचा गाईड बहुतेक वेळा तसाच असतो. नाशिकच्या लेण्यांवर जा. डोंगराचे नाव तिथल्याच शिलालेखांत आहे, तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी. पण सगळा गाव म्हणतो पांडवलेणी. तिथल्या एका लेण्याचा दाता मुगूदास नावाचा, ज्याला अभ्यासक कोळी मानतात असा माणूस आहे, सहपरिवार दान दिल्याचे त्याने कोरून ठेवले आहे. हे किती जणांना सांगितले जाते? पांडवांनी एका रात्रीत डोंगर कोरला, हे मात्र शाळेच्या सहलीला आलेल्या प्रत्येक पोराला कळते. जुन्नरजवळ लेण्याद्रीला बौद्ध विहारात गणपती आहे आणि अष्टविनायकाच्या यात्रेतून रोज शेकडो लोक तिथे जातात. आपण विहारात उभे आहोत हे त्यांतल्या कितींना कोण सांगतो? गाईड नावाच्या माणसाकडे शिपायासारखे हत्यार नसते. पण काय दिसू द्यायचे आणि काय नाही, हे तोही ठरवतोच.

म्हणून काही मित्र म्हणतात, आपण आपला गाईड बसवू, तो आपला इतिहास सांगेल. इथे माझा मतभेद आहे. पांडवांच्या जागी बुद्ध आणि अर्जुनाच्या जागी मुगूदास घालून पाठ केलेलेच ओकायचे असेल, तर ऐकणाऱ्याच्या डोक्यात नवीन काय घडले? एक बोलणार आणि बाकीचे माना डोलावणार. आपल्या चळवळीला हा रोग जुनाच आहे. मंचावर पंधरा जण, प्रत्येकाचे भाषण, आणि खाली बसलेली बाई घरी जाताना कुणाशी काही बोलली का याची कुणाला फिकीर नाही. फेरी ही चालती सभा नव्हे. बारा-पंधरा माणसे, दीडेक किलोमीटरची वाट, पाच-सहा थांबे, आणि बोलणे सगळ्यांचे. टोरांटोत २००७ पासून जेन जेकब्ज या लेखिकेच्या नावाने अशा चालत्या गप्पा होतात, त्यात रहिवासीच आपली वस्ती दाखवतात. ते वाचून आपल्याकडच्या काहींना हे परदेशी फॅड वाटते. मग भगवान बुद्धाची पंचेचाळीस वर्षांची चारिका काय होती? गावोगाव पायी फिरायचे, भेटेल त्याच्याशी बोलायचे, आणि समोरच्याच्या प्रश्नापासून सुरुवात करायची.

आणि महाड?

महाडकडे आपण तळे आणि पाणी एवढेच पाहतो. चालणे पाहत नाही. १९२३ च्या ऑगस्टात बोले ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला, महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव १९२४ च्या जानेवारीत केला, आणि कागदावर सगळे मोकळे झाले. पाण्यापर्यंत मात्र कुणी पोहोचले नव्हते. १९ आणि २० मार्च १९२७ ची कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद अचानक भरलेली नाही. परिषद महाडला व्हावी म्हणून पाठपुरावा करणारे रामचंद्र बाबाजी मोरे त्याच परिसरातले. परिषदेआधी सुमारे दोन महिने कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांना प्रत्यक्ष भेटत होते. त्यांच्याकडे माईक नव्हता, पत्रक वाचता येणारी माणसेही थोडी. म्हणजे बसून बोलावे लागले असणार, शंका ऐकून घ्याव्या लागल्या असणार. येईन पण गावचा पाटील काय करेल, या प्रश्नाला उत्तर द्यावे लागले असणार. माझ्या मते आपले पहिले वाटाडे हे होते. त्यांना शिकवणी कुणी दिली? कामानेच दिली.

त्याच वर्षीच्या डिसेंबरातली वाट तर मुद्दाम चालून पाहण्यासारखी आहे. बाबासाहेब आणि मुंबईची मंडळी पद्मावती बोटीने निघाली आणि २५ डिसेंबरला दुपारी दासगावच्या बंदरात उतरली. तिथे लोक वाट पाहत होते. दासगाव ते महाड सुमारे पाच मैल. सगळे चालत गेले. त्या रात्री मनुस्मृती जाळली गेली, हे प्रत्येकाला पाठ आहे. पण २६ आणि २७ डिसेंबरला काय झाले? कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम १४ तारखेलाच आला होता. पाण्यासाठी जिवावर उदार होऊन आलेल्या हजारो लोकांपुढे प्रश्न होता: हुकूम मोडायचा की थांबायचे? कलेक्टर येऊन बोलला. मांडवात चर्चा झाली. आणि सत्याग्रह तहकूब करायचे ठरले. मग गावातून मिरवणूक निघाली, तळ्याभोवती फिरली आणि पाण्याला हात न लावता परतली. दहा वर्षांनी, १७ मार्च १९३७ ला, हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

तळ्याला वळसा घालून पाणी न पिता परत येणारी ती मिरवणूक चालवणे सोपे होते असे ज्याला वाटते, त्याने एकदा आपल्या वॉर्डातली जयंतीची मिरवणूक वेळेत संपवून दाखवावी.

आम्ही प्रशिक्षणात ही दासगाव-महाड वाट घेतो तेव्हा डिसेंबरच्या त्या दोन दिवसांवर सर्वांत जास्त वेळ घालवतो. शिकाऊ वाटाड्याला सांगतो की तहकुबीचा निर्णय बरोबर होता हे तू सांगायचे नाहीस. लोकांना विचार, तुम्ही त्या मांडवात असता तर कुठल्या बाजूने बोलला असता? तुमच्या गावातून कोण आले असते, आणि घरी कोण राहिले असते? एकदा एका शिकाऊ पोराने पहिल्याच थांब्यावर बावीस मिनिटे भाषण केले. मी घड्याळ लावूनच बसलो होतो. माहिती सगळी बरोबर होती, एक तारीख चुकली नाही. शेवटी गटातल्या एका ताईने विचारले, "दादा, आता आम्ही बोलू का?" त्या दिवसापासून नियम आहे की थांब्यावर वाटाड्याने तीन मिनिटांच्या वर सलग बोलायचे नाही आणि आधी प्रश्न, मग माहिती. दौलताबादच्या दारात बाबासाहेबांनी जमावाला धर्मशास्त्र समजावले नव्हते. दोन प्रश्न विचारले होते.

पण प्रश्न विचारणे हे अर्धेच काम झाले. दुसरे अर्धे त्याच प्रसंगात आहे आणि ते जास्त अवघड आहे. जमावाने स्थानिक अस्पृश्यांना धरले होते. पाहुणे किल्ला बघून वेरूळला जाणार होते. राहणार होते ते स्थानिक. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या वस्तीवर काय आले असेल? महाडचेही तसेच. मार्च १९२७ ला तळ्यावर पाणी पिऊन लोक परतले आणि विरेश्वराच्या देवळात अस्पृश्य शिरणार अशी अफवा उठली. मांडवात जेवायला बसलेल्यांवर हल्ला झाला. एवढ्यावर थांबले नाही, परत निघालेल्या लोकांना वाटेत, त्यांच्या गावी मार बसला. नगरपालिकेने ऑगस्टमध्ये ठराव मागे घेतला. तळे शुद्ध करण्याच्या विधीबद्दल आपण बोलतो, हसतोही. पण ज्या शेतमजुराने ओंजळभर पाणी प्यायले आणि ज्याला पुढचा हंगाम त्याच गावात काढायचा होता, त्याचे नाव आपल्याला माहीत नाही.

म्हणून वाटाड्याची जबाबदारी चालणाऱ्यांइतकीच वाटेवर राहणाऱ्यांशी आहे. हे भावनेचे बोलणे नाही, याचे नियम होतात. फेरीआधी वाटाड्याने ती वाट किमान दोनदा एकट्याने चालायची आणि तिथल्या रहिवाशांशी बोलायचे. परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब १९१२ पासून बावीसेक वर्षे राहिले, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या. आजही तिथे लोक राहतात, त्यांच्या दारात कपडे वाळत असतात, आत कुणी आजारी असते. पंधरा जणांचा घोळका मोबाईल वर करून जिन्यात उभा राहिला तर तो कुणाच्या घरात घुसला? न विचारता फोटो काढायचा नाही, आणि जमले तर चाळीतल्याच माणसाने बोलावे, वाटाड्याने बाजूला उभे राहावे. गावात तर आणखी जपून. एखाद्या गावी पाणवठ्याचा किंवा देवळाचा प्रश्न आजही पेटलेला असेल आणि आपण शहरातून जाऊन तिथे जोरजोरात घोषणा देऊन आलो, तर परतीच्या बसमध्ये आपल्याला क्रांती केल्यासारखे वाटेल. बिल दुसऱ्याच्या नावावर फाटते. स्थानिक कार्यकर्ता नको म्हणाला तर फेरी रद्द. इथे वाद घालायचा नाही.

काही जुने कार्यकर्ते यावर नाराज होतात. एवढे नियम कशाला, आम्ही काय शिकून आलो होतो का, म्हणतात. त्यांचा अनुभव मोठा आहे, मान्य. पण प्रशिक्षणाची गरज खुद्द बाबासाहेबांना वाटत होती. १९५६ च्या जुलैत त्यांनी मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षणशाळा सुरू केली. सिद्धार्थ कॉलेजचे ग्रंथपाल शां. शं. रेगे तिचे काम पाहत होते. तब्येत साथ देत नव्हती, धम्मदीक्षेची तयारी चालू होती, 'द बुद्ध अँड हिज धम्म' पूर्ण व्हायचा होता, आणि तरी या माणसाने मूठभर तरुणांना तयार करणारी शाळा काढली. ६ डिसेंबरनंतर ती काही महिन्यांतच बंद पडली. आपण पुतळे किती उभारले आणि तशा शाळा किती काढल्या, हा हिशेब कधीतरी मांडायला हवा. त्यासाठी वेगळा लेख लागेल.

आणखी एक गोष्ट. वाटाडे म्हणून नावे मागवली की पोरांची येतात, पोरींची येत नाहीत. फिरणे, अनोळखी लोकांशी रस्त्यावर मोठ्याने बोलणे, संध्याकाळी उशिरा परतणे, हे घरून सुटत नाही. पण आपल्या इतिहासात विचारत फिरण्याचे सर्वांत चांगले उदाहरण दोन बायांचे आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्या घरी जाऊन, बोलते केले आणि 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली आले. त्याआधी त्या आज्यांना कुणी विचारले नव्हते. महाडला स्त्रिया होत्या, २७ डिसेंबरला बाबासाहेब त्यांच्याशी वेगळे बोलले, लुगडे नेसण्याच्या पद्धतीपासून पोरींच्या शिक्षणापर्यंत. घरच्या पुरुषाला "तुमच्या आजीला विचारलेत का?" हा प्रश्न एखादी मुलगी विचारते तेव्हा तो वेगळा पोहोचतो. म्हणून आमच्याकडे दर फेरीला दोन वाटाडे असतात आणि त्यांतली एक मुलगी असलीच पाहिजे. जोडी असली की घरचेही थोडे सैल होतात, हा अनुभव.

आता माहितीबद्दल थोडे. प्रश्न विचारणारा वाटाड्या म्हणजे अडाणी वाटाड्या नव्हे. त्याला दसपट वाचावे लागते, कारण गटातून काय विचारले जाईल ते आधी कळत नाही. प्रत्येक थांब्याची एक चिठ्ठी करायची. तिच्यावर दोन रकाने: कागदोपत्री काय आहे, आणि ऐकीव काय आहे. बाबासाहेब अमुक दगडावर बसले होते, अमुक विहिरीचे पाणी प्यायले होते, अशा गोष्टी गावोगाव ऐकू येतात. त्या टाकून द्यायच्या नाहीत, लोकांनी त्या का जपल्या हे विचारायचे. पण त्या ऐकीवच्या रकान्यातच राहतील. पांडवांनी एका रात्रीत लेणी कोरली म्हणणाऱ्याला आपण पुरावा मागतो ना? मग आपल्या वाटाड्याकडेही तो मागितला गेला पाहिजे, आणि मागणारा आपलाच माणूस असेल तर उत्तमच.

सरावासाठी नवीन मुलांना मी आधी कान्हेरीला नेतो. महाडची वाट नंतर. कान्हेरीला लेण्यांच्या दारात, पायऱ्यांच्या बाजूला खोदलेली पाण्याची टाकी आहेत. शिलालेखांत टाक्याला पोढी म्हणतात आणि अमक्याने पोढीचे दान दिले असे दगडात कोरलेले सापडते. दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरांत पाणी हे दान देण्याची गोष्ट होती, व्यापारी देत होता, कारागीर देत होता, बाया देत होत्या. शिकाऊ वाटाड्याला त्या टाक्यापाशी उभे करतो आणि सांगतो, इथून दौलताबादच्या तळ्यापर्यंत कसे जाशील? पाणी देणे हे पुण्य होते, मग पाण्याला हात लावणे हा गुन्हा कसा आणि कुणी केला? लेक्चर द्यायचे नाही. गटातल्या माणसांकडून काढून घ्यायचे. कुणीतरी सांगते की आमच्या आजीच्या गावी विहिरीवर वरून पाणी ओतायचे. कुणी सांगते, आमच्याकडे अजून दोन हातपंप आहेत. त्यानंतर मग शिलालेखातला शब्द सांगायचा.

महाडच्या फेरीचा शेवटचा थांबा तळ्याच्या पायऱ्यांवर असतो. तिथे दोन्ही वाटाड्यांनी काही बोलायचे नाही. गटातल्या ज्याला बोलायचे तो बोलेल, नाहीतर सगळे बसून राहतील. मग लोक दोघे-तिघे मिळून एसटी स्टँडकडे निघतात आणि वाटाड्यांनी मुद्दाम थोडे मागून चालायचे असते, म्हणजे पुढचे आपसात काय बोलतायत ते ऐकू येते. पुढच्या फेरीचे प्रश्न तिथूनच मिळतात.